खालून येणारा उजेड

जुन्या जपानी अ‍ॅनिमेसारखी चित्रं टॅब्लेटवर काढणारे तरुण आज जगभर आहेत. टपोरे डोळे, वाऱ्यावर उडणारे केस, पावसात चमकणारं निऑनचं शहर हे सगळं त्यांना छान जमतं. मग चित्रावर एक तयार फिल्टर चढवला जातो. दाणे येतात, रंग फाटतात, आडव्या रेषा उमटतात. तरीही १९८८ च्या ‘अकिरा’ या चित्रपटातल्या रात्रीशेजारी ते चित्र कोरडंच वाटतं. ती रात्र रंगाइतकीच प्रकाशानं घडवली होती. तो प्रकाश कुठून निघाला आणि कशाकशातून गेला, हे ज्याला कळलं त्याच्या हातून टॅब्लेटवरही ती रात्र उतरू शकते.

तेव्हा प्रत्येक पात्र अ‍ॅसिटेटच्या पारदर्शक तावावर, म्हणजे सेलवर उतरवलं जाई. पुढच्या बाजूला रेघ, मागच्या बाजूनं रंग. त्यामुळे समोरून रंग अगदी सपाट दिसे, कुंचल्याची खूण कुठेही नसे. पार्श्वभूमी मात्र कागदावर पोस्टर कलरनं रंगवलेली, ओल्या छटा एकमेकींत विरघळलेल्या. सपाट माणूस आणि मऊ आभाळ यांतला हा फरक जुन्या अ‍ॅनिमेचा प्राण आहे. डिजिटल चित्रात दोन्हींवर एकच ब्रश फिरतो आणि तो प्राणच जातो.

सावलीकडेही नीट पाहायला हवं. मूळ रेखाटनात सावलीची हद्द रंगीत पेन्सिलीनं आखत आणि तिच्या आत वेगळ्या बाटलीतला रंग भरत. गालावरची सावली ही कुणीतरी विचार करून निवडलेली स्वतंत्र छटा असे. ‘अकिरा’साठी ३२७ छटा वापरल्या गेल्या, त्यांतल्या ५० खास त्या चित्रपटासाठी बनवलेल्या. टॅब्लेटवर मात्र मल्टिप्लाय लेअरवर, म्हणजे खालचे रंग गडद करणाऱ्या थरावर, करडा रंग ओढला की संगणक सगळ्या रंगांना एकाच मापानं काळवंडतो. काम झटकन होतं, पण चित्र मळतं. तो लेअर बंद करून प्रत्येक रंगाची सावली स्वतःच्या नजरेनं निवडावी, असं माझं ठाम मत आहे.

खरी करामत कॅमेऱ्याखाली होई. दिवा, लेझरचा झोत, स्फोट यांचं तेज रंगानं साधत नाही, कारण रंग स्वतः उजळत नाही, फक्त पडलेला प्रकाश परतवतो. म्हणून एकाच फ्रेमवर दोनदा प्रकाश टाकत. आधी वरून दिवे लावून नेहमीचं चित्र टिपायचं, त्यात दिव्याची जागा काळी ठेवायची. मग फिल्म मागे घ्यायची, काळ्या कागदात दिव्याच्या आकाराचं भोक पाडायचं, त्यावर रंगीत जिलेटीन पेपर ठेवायचा आणि खालून प्रखर प्रकाश सोडायचा. भिंगापुढे धूसर काच लावली की भोवती वलय पसरे. फिल्मवर दोन्ही प्रकाशांची बेरीज होई. मधोमध उजेड इतका तीव्र असे की फिल्मचे तिन्ही रंगथर भरून जात. गाभा पांढरा उमटे, रंग उरे तो कडेला. टॅब्लेटवर हीच बेरीज ‘अ‍ॅड’ मोड करतो. त्या लेअरवर पांढरा गाभा काढावा आणि त्याखाली रंगीत, धूसर वलय ठेवावं. लाल दिवा नुसता लाल रंगवला तर तो विझलेला दिसतो.

फिल्म स्वतःचीही भर घालते. रंगीत फिल्ममध्ये निळा प्रकाश टिपणारा थर वर, मग हिरव्याचा, लालचा सगळ्यांत खाली. फार प्रखर प्रकाश तिन्ही थर ओलांडून फिल्मच्या पाठीवर आपटतो आणि परतताना आधी लालच्या थराला गाठतो. झगझगीत दिव्याभोवतीची तांबूस झाक येते ती अशी. म्हणून ती फक्त दिव्यांभोवती शोभते. हाताची, केसांची, प्रत्येक कड तांबडी करणारा फिल्टर चुकतो तो इथेच.

ग्रेन, म्हणजे दाण्यांचा पोत, सर्वांत शेवटी येतो, कारण तो फिल्मचा आहे. रेघ, रंग, आभाळ सगळ्यांवर तो पसरतो आणि हलत्या चित्रात दर फ्रेमला बदलतो. व्हीएचएस या व्हिडिओ टेपचा डाग त्याच्याही नंतरचा. त्या टेपवर उजेड-अंधाराच्या माहितीला सुमारे ३ मेगाहर्ट्झ जागा मिळे, रंगाला तिच्या एक-पंचमांशाहूनही कमी. परिणामी रेघ बऱ्यापैकी जागेवर राहते आणि लाल सदरा तिच्याबाहेर आडवा ओघळतो. थिएटरमधल्या चित्रपटाचा भास हवा असेल तर टेपचा हा दोष चित्रात आणूच नये.

आपल्याला हे सारं जवळून पाहायची एक संधी आहे. युगो साको, मुंबईचे राम मोहन आणि कोइची सासाकी यांनी दिग्दर्शित केलेला ‘रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ हाही सेलवरच रंगवलेला चित्रपट. जानेवारी २०२५ मध्ये तो फोर-के रूपात भारतीय चित्रपटगृहांत आला. घरी पाहायला मिळाला तर युद्धाच्या दृश्यात अस्त्र तेजाळलं की चित्र थांबवावं, आधी गाभा पाहावा, मग कड, मग मागचं आभाळ, आणि त्याच क्रमानं आपले लेअर रचायला घ्यावेत.