तिकीट सोलू नका

जुन्या पोस्टाच्या तिकिटांबद्दल आपल्याकडे दोनच मतं ऐकू येतात. एक, 'आजोबांच्या ट्रंकेत लाखोंचा माल पडलाय'. दुसरं, 'रद्दी आहे, देऊन टाका भंगारवाल्याला'. सुपा-पारनेर भागात जुना वाडा पाडायला काढला आणि माळ्यावरची ट्रंक खाली आली, की ही दोन्ही मतं एकाच ओसरीवर ऐकायला मिळतात. पण खरं नुकसान वेगळ्याच हातून होतं. घरातलं एखादं हौशी पोर पाकिटांवरची तिकिटं पाण्यात भिजवून सोलतं, वहीत चिकटवतं, आणि पाकिटं बंबात जातात. बहुतेक वेळा किंमत त्या पाकिटाचीच असते.

नगर जिल्ह्यात तर हे फारच खरं आहे. पारनेर तालुका सैनिकांचा. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात आणि दुसऱ्यात उत्तर आफ्रिका, इटली, ब्रह्मदेश इथं या जिल्ह्यातली माणसं लढली. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नामदेव जाधव नगर जिल्ह्यातल्या निमजचे. अशा जवानांनी घरी धाडलेली पत्रं अजून कोनाड्यांत, धान्याच्या कोठीमागे सापडतात. आघाडीवरच्या सैनिकाला पत्र फुकट पाठवता येई, म्हणून त्यातल्या अनेक पाकिटांवर तिकीटच नसतं. असतो तो 'ऑन अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिस' हा मजकूर, सेन्सॉरचा शिक्का आणि फील्ड पोस्ट ऑफिसचा नुसता आकडा. गाव लिहायचं नाही, हा लष्कराचा नियम. त्या आकड्यावरून पलटण त्या तारखेला कुठे होती ते शोधता येतं, ब्रिगेडियर डी. एस. विर्क यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय लष्करी पोस्टांवर पुस्तकच लिहून ठेवलं आहे. पहिल्या महायुद्धातल्या पत्रव्यवहारात पंचम जॉर्जच्या तिकिटांवर 'आय. ई. एफ.' अशी तीन अक्षरं छापलेली दिसली, तर ती भारतीय मोहिमेच्या फौजेसाठी १९१४ साली काढलेली खास तिकिटं. सुटं तिकीट तसं दुर्मीळ नाही. पण तेच तिकीट फील्ड पोस्टाच्या स्पष्ट शिक्क्यासह पाकिटावर जागच्या जागी असेल, तर जाणकार खुर्ची पुढे ओढून बसतो.

नगरच्या किल्ल्याचंही तसंच. १९०१-०२ मध्ये तिथे दक्षिण आफ्रिकेतून आणलेले बोअर युद्धकैदी होते. पहिल्या महायुद्धात नगरच्या छावणीत जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिक स्थानबद्ध होते; १९१७ मध्ये रेड क्रॉसचे प्रतिनिधी ती छावणी पाहून गेले. या लोकांनी जगभर धाडलेली पत्रं आज युरोपातल्या लिलावांत विकली जातात, आणि त्यांवरही तिकीट नसतं, कारण कैद्यांच्या टपालाला हेग करारानुसार हशील माफ होतं. त्यांची किंमत ठरते ती छावणीच्या आणि सेन्सॉरच्या शिक्क्यांवर. म्हणजे तिकीटसंग्राहकांच्या जगात नगरचं नाव ज्या टपालामुळे झालं, ते टपाल बिनतिकिटाचं! याच किल्ल्यात ऑगस्ट १९४२ पासून नेहरूंबरोबर कैदेत असलेल्या मौलाना आझादांनी हबीबुर रहमान खान शेरवानींना उद्देशून पत्रं लिहिली. ती पोस्टात कधी पडलीच नाहीत. 'गुबार-ए-खातिर' हे पुस्तक होऊन लोकांपुढे आली.

आता 'सुपा' हा शिक्काच घ्या. जुन्या मुंबई इलाख्यात या नावाची ठळक गावं तीन. एक पुणे-नगर रस्त्यावरचं आपलं. दुसरं बारामती तालुक्यातलं, शहाजीराजांच्या जहागिरीतलं सुपे, जे इंग्रजी अक्षरांत 'सुपा' असंच लिहिलं जाई. तिसरं उत्तर कानड्यातलं, काळी नदीवरच्या धरणात बुडालेलं. शिक्क्यावर जिल्ह्याचं नाव असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर पाकीट उलटं करायचं. मागे पोहोचीचा शिक्का असतो, वाटेतल्या ठाण्याचाही असू शकतो, तारखा असतात, पत्ता असतो. दोन तारखांमधलं अंतर आणि वाटेतलं ठाणं यांवरून पत्र कुठून निघालं ते ठरतं. यातलं बुडालेल्या गावाचं निघालं, तर त्याच्या मागे लागणारे संग्राहक निराळे. तिकीट सोलून पाकीट फेकलं, की ही सगळी साक्ष एकदम जाते.

बीडकडच्या सोयरिकीमुळे नगरच्या घरांत आणखी एक प्रकार निघतो: निजामाची तिकिटं. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचं स्वतःचं टपालखातं १९५० पर्यंत चालू होतं. तिकिटावर फारसी वळणाची अक्षरं पाहून लोक त्यांना 'कसल्यातरी उर्दू पावत्या' म्हणून बाजूला टाकतात. तसं करू नये. उलट, कोर्ट फी स्टँप आणि रेव्हेन्यू तिकिटं म्हणजे पोस्टाची तिकिटं नव्हेत. ती वेगळी काढावीत, पण दस्तऐवजावरून फाडू नयेत.

मोल ठरवताना वय हा सगळ्यात दुबळा मुद्दा. अखिल भारतीय तिकिटं १ ऑक्टोबर १८५४ पासून चालू झाली. पाव तोळ्याच्या पत्राला देशात कुठेही अर्धा आणा. राणी व्हिक्टोरियाच्या काळातली साधी अर्ध्या आण्याची तिकिटं लाखोंनी छापली, लाखोंनी उरली. त्यातलं सव्वाशे वर्षांचं सामान्य तिकीट आजही काही रुपयांत मिळतं. त्याच १८५४ च्या मालिकेत मात्र चार आण्यांचं दुरंगी तिकीट आहे. ते दोनदा छापावं लागे, आणि काहींवर राणीचं डोकं उलटं छापलं गेलं. ते भारतीय तिकिटांतलं शिखर. त्याच्याही आधी, १ जुलै १८५२ रोजी, बार्टल फ्रिअरने सिंधमध्ये 'सिंध डाक' काढली. आशियातलं हे पहिलं चिकटवायचं तिकीट. हाच फ्रिअर पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. सिंध डाकेच्या नकला इतक्या झाल्या आहेत, की तज्ज्ञाच्या दाखल्याशिवाय ती अस्सल समजूच नये.

स्वातंत्र्यानंतरची गोष्ट आणखी स्पष्ट आहे. १५ ऑगस्ट १९४८ ला गांधीजींची चार तिकिटं निघाली. नाशिकरोडला सरकारचा छापखाना असूनही ती स्वित्झर्लंडच्या कूर्व्हुआझिए कंपनीकडून छापून आणली होती. त्यातल्या दहा रुपयांच्या शंभर तिकिटांवर गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी 'सर्व्हिस' असा शब्द छापला गेला. २०१७ मध्ये अशा चार तिकिटांची सलग पट्टी स्टॅनली गिबन्सने पाच लाख पौंडांना, म्हणजे तेव्हाच्या सुमारे चार कोटी रुपयांना विकली. बाजारात दहा रुपयांच्या साध्या गांधी-तिकिटावर बनावट 'सर्व्हिस' छापलेला मालही फिरतो. साधं तिकीटही चांगल्या स्थितीत बऱ्यापैकी किंमत आणतं; खोटा शब्द छापला की त्याचीही माती होते. याची चीड येते. १९७० नंतरची कोरी तिकिटं मात्र, चुकीची छपाई वगळता, बहुधा छापील किमतीच्या आसपासच जातात. ती जपावीत, पण त्यांच्या भरवशावर घराचा हप्ता ठरवू नये.

तिकीट तपासायचं कसं? उजेडात धरून आधी कडा पाहायच्या. दातेरी तिकिटाचा एक दात मोडलेला असला तरी भाव उतरतो. १८५४ च्या तिकिटांना दातेच नव्हते; ती कात्रीने कापायची, म्हणून चारी बाजूंना पांढरी कड शिल्लक असणं मोलाचं. मग पाठ. कोऱ्या तिकिटावर मूळ डिंक शाबूत आहे का, पूर्वी अल्बममध्ये चिकटवल्याची खूण आहे का, कागद कुठे पातळ झालाय का. मग पिवळे-तपकिरी ठिपके. आपल्याकडच्या पावसाळ्याने जेवढी तिकिटं मारली तेवढी उंदरांनी नाही. शेवटी वॉटरमार्क. काळ्या बशीत तिकीट पालथं ठेवून वॉटरमार्कसाठी मिळणाऱ्या द्रवाचे दोन थेंब सोडले, की कागदातली खूण काही क्षण उठून दिसते. १८६५ च्या तिकिटांत हत्तीचं मस्तक, पुढे तारा, प्रजासत्ताकानंतर काही वर्षांनी अशोकस्तंभ. चित्र तेच असून खूण वेगळी निघाली तर किंमत बदलते. हे घरी करू नका, जाणकारासमोर करा. काही शाया त्या द्रवात फुटतात.

जाणकार म्हणजे कोण? स्टॅनली गिबन्सचा कॅटलॉग आणि आपल्याकडचा 'फिला इंडिया' हे दोन ग्रंथ ज्याच्या टेबलावर झिजलेले आहेत तो. पण कॅटलॉगातला भाव हा उत्तम स्थितीतल्या तिकिटाचा दुकानदाराने मागायचा भाव असतो. विकणाऱ्याच्या हातात त्याचा काही अंशच येतो, आणि एवढ्यावरून व्यापाऱ्याला लुटारू ठरवणं बरोबर नाही. त्यालाही माल वर्षानुवर्षं सांभाळावा लागतो. मुंबईचे जाल कूपर हे भारतीय तिकिटांचे मोठे पारखी होते. त्यांचा छोटा शिक्का तिकिटाच्या पाठीवर सापडला तर तो पुसू नका. मोठ्या मोलाच्या वस्तूला लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीचा दाखला चालतो. त्याला पैसे आणि महिने लागतात, म्हणून साध्या मालासाठी त्या वाटेला जाऊ नये.

विक्रीच्या वाटा तीन. ठोक व्यापाऱ्याला एकगठ्ठा देणं झटपट, पण भाव सगळ्यात कमी. संग्राहकाला थेट विकणं सगळ्यात समाधानाचं, पण योग्य माणूस सापडायला हवा. त्यासाठी पुण्या-मुंबईतली तिकीट प्रदर्शनं पाहावीत, टपालखात्याच्या फिलाटेली ब्युरोत येणाऱ्यांशी बोलावं. तिसरी वाट मुंबईतल्या लिलावाची. तिथे माल देताना किमान किंमत, म्हणजे रिझर्व्ह, लेखी ठरवून घ्या. विकणाऱ्याकडून किती कमिशन, घेणाऱ्याकडून किती, न विकलेला माल परत कधी, पैसे किती दिवसांत, हे सगळं कागदावर घ्या आणि प्रत्येक वस्तूचे दोन्ही बाजूंचे फोटो स्वतःकडे ठेवा. मोबाइलवर 'जुनं तिकीट द्या, दहा लाख घ्या' म्हणणारा आधी नोंदणीची फी मागत असेल, तर तो चोर. जुन्या नोटा-नाण्यांच्या अशाच फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता.

परदेशातून गिऱ्हाईक आलं तर घाई नको. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू आणि ऐतिहासिक मोलाची पंच्याहत्तर वर्षांहून जुनी कागदपत्रं खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. आपली वस्तू त्यात बसते का, हे पुरातत्त्व खात्याला विचारूनच पाऊल उचला.

आणि पाकिटात पत्र असेल तर विकण्याआधी ते वाचून घ्या. मोडीत असेल तर मोडी वाचणाऱ्याकडे न्या, लिप्यंतर करून ठेवा, एक प्रत नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयाला द्या. घेणाऱ्याला बहुधा शिक्का हवा असतो. आत तुमच्या पणजोबांनी बसराहून पेरणीची, बैलाची आणि धाकट्या बहिणीच्या लग्नाची चौकशी केलेली असते, आणि ती विचारणारं दुसरं पत्र कुठल्याही लिलावात मिळणार नाही.