दातांच्या दवाखान्यातला ट्रे आणि तो धुणारे हात

नागपुरात 'मेडिकल' म्हटले की पत्ता सांगावा लागत नाही. त्याच आवारात शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. ते १९६८ साली सुरू झाले. दाढ सुजून रात्रभर न झोपलेले मजूर, कवळीसाठी आलेले म्हातारे, खर्रा खाऊन खाऊन ज्यांच्या तोंडात धड तीन बोटेही मावत नाहीत असे तरुण, अशी माणसे तिथे येतात. रांगेतल्या प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न असतो, दुखेल का? खुर्चीजवळच्या ट्रेकडे मात्र कोणी पाहत नाही. आज आम्ही त्या ट्रेविषयी लिहीत आहोत. तोंड उघडून बसणारी माणसे आपल्या वस्तीतली असतात आणि काम झाल्यावर तो ट्रे उचलून बेसिनकडे नेणारी मावशीही पुष्कळदा आपल्याच वस्तीतली असते.

तपासणीचा ट्रे तसा साधा. लांब दांड्याचा छोटा गोल आरसा, वाकड्या टोकाची बारीक सळई म्हणजे प्रोब, आणि चिमटा. आरसा नुसता पाहण्यासाठी नसतो. त्यानेच जीभ आणि गाल बाजूला धरतात, त्यानेच मागच्या दाढेवर उजेड पाडतात. दात काढायचा असेल तर सिरिंज येते, दात सैल करणारा एलिव्हेटर येतो आणि शेवटी पक्कड. ही पक्कडसुद्धा एक नसते. वरच्या दाढेला गालाच्या बाजूने दोन मुळे असतात. पकडीचे टोक त्या दोन मुळांच्या मध्ये बसावे लागते. म्हणून वरच्या डाव्या दाढेची पक्कड वेगळी आणि उजव्या दाढेची वेगळी. रस्त्याच्या कडेला बसून एकाच पकडीने सगळे दात उपटणारा स्वस्त वाटतो, पण मूळ आत मोडून राहिले की तोच माणूस महाग पडतो.

आता खरा मुद्दा. ही हत्यारे एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जातात. कावीळ 'ब'चा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागातही निदान सात दिवस जिवंत राहू शकतो आणि तो डाग डोळ्यांना दिसेलच असे नाही. स्पिरिटच्या बोळ्याने पुसून हत्यार शुद्ध होत नाही. नुसते उकळूनही पुरत नाही, कारण काही जंतूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात. त्यासाठी ऑटोक्लेव्ह लागतो. ऑटोक्लेव्ह म्हणजे आपल्या घरच्या कुकरचा थोरला भाऊ. पंधरा पौंड दाबाची वाफ, १२१ अंश सेल्सिअस उष्णता आणि किमान पंधरा मिनिटे. पण त्याआधी हत्यार घासून स्वच्छ धुतलेले हवे. रक्त चिकटलेले राहिले तर त्याच्या आड जंतू वाचतात.

दाढ कोरणारे यंत्र, एअरोटर, मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेते. ते तोंडातली लाळ आणि रक्त आत ओढून घेऊ शकते. म्हणून प्रत्येक रुग्णानंतर तेही ऑटोक्लेव्हमध्ये जायला हवे. बधिर करण्याच्या औषधाची बाटली बहुधा अनेकांसाठी मिळून एकच असते. एका रुग्णाला टोचलेली सुई पुन्हा त्या बाटलीत बुडवली तर पुढच्या सगळ्यांना धोका. दरवेळी सुई नवी आणि सिरिंजही नवी, इथे काटकसर चालत नाही.

हे गरीब देशांतच घडते असे कोणी समजू नये. २०१३ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात एका दंतवैद्याकडे गंजलेली हत्यारे आणि शुद्धीकरणातली हयगय आढळली. सुमारे सात हजार रुग्णांना रक्त तपासून घ्या असे कळवावे लागले. त्या दवाखान्यात एका रुग्णाकडून दुसऱ्याला कावीळ 'क' झाल्याचे पुढे सिद्धही झाले.

मग रुग्णाने काय करावे? खुर्चीत बसल्यावर बघावे की हत्यारांचे पाकीट आपल्यासमोर फोडले जाते की नाही. त्या पाकिटावरच्या खुणेचा रंग वाफेच्या उष्णतेने बदललेला असतो. रंग बदलला म्हणजे पाकीट यंत्रातून निघाले एवढेच कळते, पण तेवढे तरी कळते. हातमोजे आपल्यासाठी नवे घातले का, तेही पाहावे. 'डॉक्टरसाहेब, सुई नवी आहे ना?' असे विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगला डॉक्टर रागावत नाही, आणि जो रागावतो त्याच्याकडे जायचे की नाही ते आपण ठरवावे.

आता त्या मावशीकडे वळू. रुग्ण घरी जातो, डॉक्टर हात धुतात आणि रक्ताळलेली हत्यारे हिच्या हाती येतात. अनेक ठिकाणी तिला तपासणीचेच पातळ हातमोजे देतात. ते टोकदार प्रोबपुढे काय टिकणार? घासण्यासाठी जाड रबरी हातमोजे, लांब दांड्याचा ब्रश, तोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मा आणि पुढे एप्रन हवा. हत्यार पाण्याखाली धरूनच घासावे, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. सुईला दोन हातांनी टोपण लावू नये. वापरलेली सुई भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकावी, साध्या कचऱ्यात कधीच नाही. साध्या कचऱ्यातली सुई पुढे कोणाच्या हाताला टोचते हे आम्ही सांगायला नको.

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे असा कचरा हाताळणाऱ्या कामगारांना कावीळ 'ब' आणि धनुर्वात यांच्या लसी टोचून देणे दवाखान्यावर बंधनकारक आहे. कावीळ 'ब'चे डोस तीन: पहिला, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. आमच्या ओळखीच्या एका बाई आठ वर्षे एका खासगी दवाखान्यात ट्रे धूत होत्या. लसीविषयी त्यांना कोणी विचारले नाही, आणि आपणही विचारू शकतो हे त्यांना ठाऊक नव्हते. नोकरी जाईल ही भीती होतीच.

सुई टोचलीच तर बोट पिळू नये, तोंडात घालू नये. साबण-पाण्याने धुवावे आणि लगेच डॉक्टरांना सांगावे. लपवू नये. ती सुई कोणत्या रुग्णाची, तेही सांगावे. एचआयव्हीपासून बचावाच्या गोळ्या शक्य तर दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात आणि २८ दिवस घ्याव्या लागतात. मेडिकलमध्ये एआरटी केंद्र आहे, तिथे चौकशी करावी.

विहारात किंवा वस्तीत दंततपासणीचे शिबिर भरवणाऱ्या मंडळांनीही आरसे आधी मोजावेत. वीस आरसे आणि दोनशे माणसे असली, तर वीस जणांनंतर आरसा थांबवावा आणि बाकीच्यांना टॉर्च व लाकडी पट्टीने तपासावे. पट्टी प्रत्येकाला नवी, आणि वापरली की टाकून द्यावी.