खोल समुद्रातील ऐतिहासिक जहाज व तांत्रिक डायव्हिंग : 'ब्रिटानिक'च्या संदर्भात

प्रस्तावना :
'टायटॅनिक'चे भगिनी-जहाज 'ब्रिटानिक' पहिल्या महायुद्धात रुग्णालय-जहाज म्हणून कार्यरत होते. २१ नोव्हेंबर १९१६ रोजी ग्रीसमधील केआ बेटाजवळ सुरुंगाच्या स्फोटानंतर ते सुमारे ५५ मिनिटांत बुडाले. ३० जण दगावले. १९७५ मध्ये झाक कुस्तो यांनी त्याचे अवशेष शोधले. सुमारे १२० मीटर खोलीवरील या जहाजापर्यंत माणूस कसा पोहोचतो व त्याने तेथे जाणे कितपत समर्थनीय आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

दाब आणि श्वसनवायू :
दर १० मीटरला पाण्याचा दाब सुमारे एक वातावरण इतका वाढतो. त्यामुळे १२० मीटरवर एकूण दाब १३ वातावरण होतो. तेथे साध्या हवेतील ऑक्सिजनचा आंशिक दाब २.७ वातावरण भरेल. तांत्रिक डायव्हिंगमध्ये तळाशी काम करताना १.४ ही मर्यादा सामान्यतः पाळली जाते. ती ओलांडल्यास झटके येण्याचा धोका संभवतो. नायट्रोजनमुळे गुंगी येते ती वेगळीच. म्हणून ऑक्सिजन व नायट्रोजन कमी करून हेलियम मिसळतात. या मिश्रणास 'ट्रायमिक्स' म्हणतात. मात्र १० टक्के ऑक्सिजनचे मिश्रण तळाशी उपयुक्त असले, तरी पृष्ठभागावर तेच बेशुद्धीस कारण ठरते. साहजिकच खोलीनुसार मिश्रण बदलावे लागते.

परतीचा मार्ग :
दाबाखाली शरीरात विरघळलेले वायू वेगाने वर आल्यास बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतात व इजा करतात. म्हणून तळाशी घालवलेल्या अर्ध्या तासासाठी टप्प्याटप्प्याने थांबत कित्येक तास वर यावे लागते. 'रिब्रीदर' हे उपकरण उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड शोषून ऑक्सिजनची भर घालते. त्यामुळे वायूची बचत होते. तथापि त्यात बिघाड झाल्यास थेट वर येता येत नाही, म्हणून पर्यायी वायूच्या टाक्या सोबत ठेवणे अनिवार्य असते.

फलित आणि किंमत :
२००३ च्या मोहिमेत जहाजातील काही जलरोधक दरवाजे उघडे आढळले. जहाज इतक्या लवकर का बुडाले, या प्रश्नाच्या उत्तरास त्यामुळे पुष्टी मिळाली. २०२५ मध्ये टेहळणीची घंटा वर काढण्यात आली. दुसरीकडे, २००९ व २०१९ मध्ये येथे प्रत्येकी एका पाणबुड्याचा मृत्यू झाला.

निष्कर्ष :
जलमग्न वारसा प्रथमतः मूळ जागीच जतन करावा, असे युनेस्कोचा २००१ चा करार सांगतो. त्या दृष्टीने वस्तू वर आणण्यापेक्षा ज्ञान वर आणणे हेच अशा मोहिमांचे खरे प्रयोजन ठरते. जे काम यंत्र करू शकते, त्यासाठी मानवी जीव पणाला लावणे समर्थनीय नाही.