टिचबटणाचा पहिला तास

जूनच्या मध्याला बालवाडी उघडते आणि दाराशीच सगळं तुंबतं. निथळणारे रेनकोट, चिखलाच्या चपला, आजीच्या कडेवरून उतरायला तयार नसलेलं साडेतीन वर्षांचं नातवंड. मग मोठ्यांचे हात आपसूक पुढे होतात. चप्पल काढली, दप्तर टांगलं, मूल चटईवर बसवलं. काम झटपट उरकतं, फक्त मुलाला त्यातलं काहीच करायला मिळत नाही.

शाळेत शिरणंही शिकवावं लागतं, अगदी अक्षरांसारखं. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत बालगृह उघडलं. त्यांच्या साधनांमध्ये लाकडी चौकटी होत्या. चौकटीवर कापडाचे दोन पदर, त्यांना बटणं किंवा नाड्या. अंगातल्या कपड्याशी झटण्याआधी मुलाचा सराव त्यावर व्हायचा. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी या गावात काम सुरू केलं. तिथल्या वस्तीतली मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. अंगणवाडीची कल्पना तिथली. मुलांना आंघोळ घालणं, नखं कापणं, केस विंचरणं ही कामं या दोघींनी शिक्षणातच धरली.

आजच्या वर्गात सुरुवात रेनकोटपासून करावी. ताईंनी एक टिचबटण सावकाश, न बोलता उघडून दाखवायचं. बोलणं सुरू झालं की मूल बोटांऐवजी तोंडाकडे बघतं. पहिल्या आठवड्यात तेवढंच आणि चप्पल. एक चित्र मधोमध कापून अर्धं डाव्या, अर्धं उजव्या चपलेत चिकटवलं, की चित्र जुळलं म्हणजे पाय बरोबर, हे मुलाचं मुलालाच कळतं. खुंटीवर नावाऐवजी कासव, छत्री, आंबा. ‘चप्पल काढ, दप्तर ठेव, हात धू, बस’ असं एका दमात सांगितलं, तर शेवटच्या शब्दापर्यंत पहिला विरलेला असतो. क्रम मात्र रोज तोच हवा. त्यातला एक दुवा पक्का झाला की पुढचा.

सगळ्यात अवघड असतो तो निरोप. मूल खेळात रमलेलं बघून गुपचूप सटकणारे पालक त्या दिवसापुरते सुटतात, पण दुसऱ्या दिवशी मुलाची नजर दारावरच खिळलेली असते. त्याच्या उंचीला वाकून, थोडक्यात सांगून निघावं, रडू आलं तरी. घड्याळ त्याला कळत नाही, डबा कळतो. ‘डबा खाऊन झाला, गाणी झाली, की मी दाराशी.’ आणि मराठीत निघताना कुणी ‘जाते’ म्हणत नाही. ‘येते हं,’ म्हणावं आणि ठरल्या वेळी दाराशी उभं असावं.