चीजचा क्यूब की उसळीची वाटी?

माझ्या आत्याचे वय 81. गेल्या दिवाळीत तिला भेटायला गेले, तेव्हा हातातल्या बांगड्या मनगटावरून पार कोपरापर्यंत सरकत होत्या. वर्षभरात वजन सहा किलोने उतरले होते आणि खुर्चीतून उठताना दोन्ही हातांचा आधार लागत होता. मुलाने काळजीपोटी शहरातून चीजची खोकी आणून फ्रिज भरून ठेवला होता. "रोज दोन क्यूब खात जा, ताकद येईल," असे बजावून तो परत गेला होता. नवी कवळी बोचते आणि पोटात वारा धरतो, या दोन कारणांनी आत्याने उसळी केव्हाच सोडल्या होत्या. रक्तदाबाची गोळी चालू होती, तरी पावलांवर सूज होती. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितल्यावर तिने लोणचे, पापड आनंदाने नव्हे, पण निमूटपणे सोडले. रोजच्या दोन क्यूबमधूनही मीठ पोटात जाते, हे मात्र कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

"चीजमध्ये जास्त ताकद की मुगात, एवढेच मला सांग," असे तिने विचारले. प्रश्न साधा होता. उत्तर तितके साधे नाही.

पोषणमूल्यांचे तक्ते शंभर ग्रॅमच्या मापाने लिहिलेले असतात आणि तिथेच पहिली फसगत होते. कोरड्या मुगात 100 ग्रॅममागे 22 ते 24 ग्रॅम प्रथिने असतात. प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये ती सुमारे 20 ग्रॅम असतात. तक्ता पाहणारा म्हणतो, मूग जिंकला. परंतु कोरडे मूग कोणी खात नाही. शिजल्यावर ते पाणी पिऊन अडीच-तीन पट होतात आणि शिजलेल्या शंभर ग्रॅम मुगात प्रथिने उरतात साधारण सात ग्रॅम. मग तोच माणूस म्हणतो, चीज जिंकले. पण शंभर ग्रॅम चीज तरी एका बैठकीत कोण खातो? तुलना करायची ती ताटात प्रत्यक्ष वाढल्या जाणाऱ्या मापाची.

तसा हिशेब मी आत्यासमोर मांडला. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम कोरडे मूग घेतले तर एक लहान वाटी घट्ट उसळ होते. तिच्यातून सुमारे 7 ग्रॅम प्रथिने, पाचएक ग्रॅम तंतुमय पदार्थ आणि साधारण शंभर उष्मांक मिळतात. फोडणीचे तेल सोडले तर स्निग्धांश अर्धा ग्रॅमही नाही. पंचवीस ग्रॅमचे दोन क्यूब चीज खाल्ले तर 10 ग्रॅम प्रथिने आणि दीडशेच्या आसपास उष्मांक मिळतात. त्यासोबत बारा-तेरा ग्रॅम स्निग्धांश येतो आणि त्यातला जवळजवळ दोन तृतीयांश संपृक्त असतो. तंतुमय पदार्थ शून्य. उष्मांकांच्या मानाने प्रथिने मोजली, तर दोघे जवळपास बरोबरीचेच निघतात. फरक आहे तो प्रथिनांबरोबर आणखी काय येते, यात.

चीजबरोबर मीठ येते. प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये 100 ग्रॅममागे हजार मिलिग्रॅमहून अधिक सोडियम असणे ही सर्वसाधारण गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाची मर्यादा 2000 मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे पाच ग्रॅम मीठ, अशी सांगितली आहे. आत्याच्या दोन क्यूबमधून या मर्यादेचा पाव ते तिसरा हिस्सा सकाळीच संपत होता. वेष्टनावर 'सोडियम' या शब्दापुढचा आकडा वाचावा आणि त्याला अडीचने गुणावे, म्हणजे मीठ किती ते कळते. अक्षरे बारीक असतात. नातवंडांकडून वाचून घ्यावीत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणखी एक शब्द शोधावा, तो म्हणजे फॉस्फेट. चीज एकजीव आणि मऊ राहावे म्हणून त्यात पुष्कळदा फॉस्फेटयुक्त क्षार घालतात आणि त्यांतील फॉस्फरस शरीरात सहज शोषला जातो. कडधान्यांतही फॉस्फरस असतो, पण त्याचा मोठा भाग फायटेटच्या रूपात बांधलेला असल्याने तितका शोषला जात नाही. मात्र कडधान्यांत पोटॅशियमही असते. म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णाने दोहोंचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

हे वाचून कोणी चीजचा डबा थेट शेजाऱ्यांना देऊन टाकू नये. दुधाच्या पदार्थांत अशा दोन गोष्टी आहेत, ज्या कडधान्ये पुरवू शकत नाहीत किंवा फार थोड्या पुरवतात. पहिली म्हणजे बी-12 जीवनसत्त्व. ते मुगात, मटकीत, हरभऱ्यात मुळीच नाही. शाकाहारी वृद्धांना ते दूध, दही, पनीर आणि चीज यांतूनच काय ते मिळते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणि पित्ताच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांत त्याचे शोषण आणखी घटते. हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विसराळूपणा वाढणे या सगळ्याला 'वय झाले' म्हणून सोडून न देता बी-12 ची तपासणी करून घ्यावी. दुसरी गोष्ट म्हणजे कॅल्शियम. पनीरमध्ये ते 100 ग्रॅममागे साडेचारशे मिलिग्रॅमच्या पुढे असते. कडधान्यांत कुळीथ त्या मानाने बरा, तरी त्याच्याशीही बरोबरी होत नाही.

आणि ज्याचे जेवण दोन घासांवर आले आहे, त्याच्यासाठी चीजचा दोष हाच गुण ठरू शकतो. आजारातून उठलेल्या, भूक मेलेल्या माणसाला वाटीभर उसळ डोंगराएवढी वाटते. अशा वेळी थालीपिठावर किंवा मऊ खिचडीवर किसलेले थोडे चीज थोडक्यात जास्त उष्मांक देऊन जाते. माझे स्वतःचे मत विचाराल, तर या कामासाठी मी घरचे पनीर निवडीन. लिटरभर गायीचे दूध लिंबू पिळून फाडले की सुमारे दीडशे ग्रॅम पनीर मिळते. त्यात वरून घातलेले मीठ नसते, ते कवळीलाही सोसते आणि उरलेली निवळी कणीक भिजवायला उपयोगी पडते.

आता कडधान्यांच्या बाजूचे गाऱ्हाणे. वारा धरतो ही तक्रार खोटी नाही. कडधान्यांतील काही शर्करा आपल्या लहान आतड्यात पचत नाहीत. त्या मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि वायू तयार होतो. यावरचा उपाय आपल्या आज्यांच्या हाती होताच. कडधान्य रात्रभर भिजवावे, ते पाणी ओतून द्यावे, नव्या पाण्यात गाळ होईपर्यंत शिजवावे आणि फोडणीत हिंग, आले घालावे. ज्यांनी बरीच वर्षे उसळ खाल्लेली नाही, त्यांनी एकदम वाटीभर छोले खाऊ नयेत. सालीशिवायच्या मूगडाळीपासून, अर्ध्या वाटीपासून, दुपारच्या जेवणात सुरुवात करावी आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावी. आतडे सरावते. तंतुमय पदार्थ वाढवताना पाणी वाढवले नाही, तर मात्र बद्धकोष्ठ उलट वाढते. अर्थात, हृदयविकारामुळे ज्यांचे पाणी डॉक्टरांनी मोजून दिले आहे, त्यांनी ती मर्यादा पाळावी.

मोड आलेली कडधान्ये कच्ची खाण्याची चाल हल्ली 'आरोग्यदायी' म्हणून वाढली आहे. सत्तरीपुढच्यांनी ती टाळावी. ज्या ऊबेत आणि ओलाव्यात मोड येतात, त्यातच जंतूही वाढतात. 2011 साली जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांतून पसरलेल्या ई. कोलाय जिवाणूच्या साथीत हजारो लोक आजारी पडले आणि पन्नासच्या आसपास दगावले. मोड जरूर आणावेत, पण उसळ शिजवूनच खावी. राजम्याच्या बाबतीत तर अर्धवट शिजवणे सरळ विषारी ठरते, कारण त्यातील लेक्टिन हे द्रव्य खळखळून उकळल्याशिवाय नष्ट होत नाही.

संधिवाताच्या नावाखाली डाळी बंद केलेली पुष्कळ घरे मी पाहिली आहेत. युरिक ॲसिड वाढल्याने होणाऱ्या गाउटविषयी 2004 साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 47,000 हून अधिक पुरुषांची 12 वर्षे नोंद ठेवली होती. मांस आणि मासे अधिक खाणाऱ्यांत गाउटचे प्रमाण वाढलेले दिसले. प्युरिनयुक्त भाज्या आणि कडधान्यांशी तसा संबंध आढळला नाही. गुडघ्याच्या झिजेशी तर डाळीचा काहीच संबंध नाही. डॉक्टरांनी स्पष्ट मनाई केली नसेल, तर वरणाची वाटी परत ताटात यायला हरकत नसावी.

पण वरण कसले, हेही पाहावे. म्हाताऱ्या माणसांना 'पचायला हलके' म्हणून जे पातळ वरण वाढले जाते, त्याच्या वाटीत दहा ग्रॅम डाळही नसते. म्हणजे प्रथिने जेमतेम दोन ग्रॅम. डाळ खाली बसते आणि पाणी वर येते, ते पाणी आजी-आजोबांच्या वाटीत जाते. डाव तळापासून ढवळून घट्ट वरण वाढणे, यात खर्च काहीच नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढांना वजनाच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिने रोज हवीत. वृद्धांच्या स्नायूंचा विचार करणाऱ्या तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने 2013 मध्ये पासष्टीपुढच्यांसाठी ते प्रमाण 1 ते 1.2 ग्रॅम असावे असे सुचवले. आत्याचे वजन 48 किलो, म्हणजे तिला दिवसाला किमान 40 आणि जमल्यास 50 ग्रॅम प्रथिने हवीत. आम्ही कागदावर मांडणी केली. घट्ट वरण एक वाटी, साडेसहा ग्रॅम. मुगाची किंवा मटकीची मऊ उसळ, सात. पेलाभर दूध, सहा. दह्याची वाटी, पाच. तीन पोळ्या, आठ. भात, साडेतीन. 30 ग्रॅम पनीर, साडेपाच. बेरीज साडेएकेचाळीस. पोळी-भातातील प्रथिनांत जे कमी असते, ते डाळीत असते आणि डाळीत जे कमी, ते धान्यात. म्हणून ही जोडी एकत्र मोजायला काहीच हरकत नाही. उरलेली उणीव शेंगदाण्याच्या बारीक कुटाने भरून काढायची ठरली. उसळीवर लिंबू पिळायचे आणि जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकलायचा, कारण डाळीतील लोह लिंबामुळे अधिक शोषले जाते आणि चहामुळे कमी. चहाच्या कलमावर आत्याने बरीच घासाघीस केली.

वजन आपोआप का उतरले, याची तपासणी डॉक्टरांकडे स्वतंत्रपणे करून घेतली. कोणीही ती टाळू नये. कवळीही घासून नीट बसवून घेतली. सध्या आठवड्यातून दोनदा कुळथाचे पिठले होते, एकदा चवळीची रस्सेदार उसळ होते आणि इतर दिवशी मूग असतो. चीज अजून घरात आहे. रविवारी नातू आला की त्याच्या थालीपिठावर ते किसले जाते आणि आत्या स्वतःच्या थालीपिठावर चिमूटभर घेते, त्या दिवशी पिठात मीठ न घालता.