पावसाच्या मुलखातले बिऱ्हाड

एका घरचे बिऱ्हाड दुसऱ्या घरी नेणे हे आपल्याकडे अद्यापही हमाल, टेम्पो आणि दोरखंड यांचेच काम समजले जाते, आणि घाटमाथ्यापलीकडच्या कोरड्या हवेत ते बहुतांशी तसे असेलही. परंतु पोलादपूर आणि महाड या तालुक्यांत, जेथे महाबळेश्वरच्या माथ्यावर कोसळलेला पाऊस सावित्रीच्या वाटेने थेट पायथ्याशी उतरतो, तेथे सामानाचा खरा शत्रू रस्त्याचा हादरा नसून पाणी आणि ओल हाच आहे. आणि हे एकदा ध्यानी घेतले म्हणजे बांधाबांधीचा सारा क्रमच बदलतो.

प्रथम मुहूर्ताचा विचार. पंचांगातला मुहूर्त ज्याने त्याने पाहावा. परंतु मृग लागण्यापूर्वी सामान नव्या घरी पोचलेले असावे, एवढे पथ्य या मुलखात निरपवाद आहे. आंबेनळी घाट पावसाळ्यात दरडींमुळे कित्येकदा बंद पडतो, कशेडीच्या वाटेचाही त्या दिवसांत पूर्ण भरवसा धरता येत नाही, आणि ताडपत्रीखालून झिरपलेले पाणी गादीत शिरले म्हणजे ती चार महिने वाळत नाही.

घर बदलताना नव्या जागेच्या खोल्या, प्रकाश आणि भाडे यांची चौकशी सारेच करतात. पाण्याची फार थोडे. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुराने वेढलेले असतानाच तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली, आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही डोंगर खाली आला. तेव्हा नव्या घरी पहिली पेटी उतरवण्यापूर्वी शेजाऱ्यांना एवढेच विचारावे, की त्या साली पाणी कुठवर आले होते. ते भिंतीवर हात ठेवून उंची दाखवतील. जे जिन्नस भिजल्यास पुन्हा मिळणार नाहीत, ते त्या हाताच्या वरच, माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर ठेवावेत. घरामागचा डोंगर खचलेला किंवा भेगाळलेला दिसला, तर मात्र तेथे सामान नेण्याचा विचारच सोडावा.

बांधाबांधीत ओलीचा बंदोबस्त सर्वांत महत्त्वाचा. तांब्यापितळेचे हंडे-कळश्या चिंचेने घासून, उन्हात खडखडीत वाळवून, जुन्या सुती लुगड्यात गुंडाळाव्यात; प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद केल्यास आत राहिलेल्या ओलीनेच भांडे डागाळते. गोधड्या कडकडीत ऊन दाखवून आणि रेशमी वस्त्रे सावलीतच हवेवर वाळवून मगच ट्रंकेत घालावीत. पलंग सोडवला की त्याचे नटबोल्ट एका पुरचुंडीत घालून ती त्याच पलंगाच्या पायाला बांधावी, अन्यथा नव्या घरी पहिली रात्र जमिनीवर काढावी लागते. पुस्तके लहान खोक्यांत भरावीत, कारण मोठे खोके एक तर हमालाच्या पाठीला सोसत नाही, नाही तर तळातून फाटते. फ्रिज उभाच न्यावा आणि पोचताच सुरू न करता काही तास तसाच राहू द्यावा. गॅसचे सिलिंडर सामानाबरोबर मुळीच नेऊ नये. दूरच्या गावी जायचे असल्यास ते रेग्युलेटरसह वितरकाकडे जमा करून बदलीची पावती घ्यावी.

मुंबईकर चाकरमान्यांचा प्रश्न निराळा. शहरातली खोली सोडून आणलेले सामान गावच्या बंद घरात ठेवले जाते आणि गणपतीला दार उघडावे तो कपाटावर बुरशीची पांढरी साय आलेली असते. लाकडी सामान भिंतीपासून वीतभर दूर, विटांवर उचलून ठेवावे. वर प्लास्टिक न घालता सुती चादर घालावी. आणि पाऊस उघडला की एखाद्या भाऊबंदाला घराची दारे-खिडक्या दोन घटका उघडण्यास सांगून ठेवावे. एवढ्या उपकाराला गावात कोणी नाही म्हणत नाही.

आता कागदांविषयी. सातबारा, शिधापत्रिका, दाखले आणि दागिने हे टेम्पोत घालायचे नसून स्वतःच्या अंगाखांद्यावर न्यायचे. वाहतूकदाराकडून बिल्टी घ्यावी, तिला सामानाची तपशीलवार यादी जोडावी, आणि मौल्यवान वस्तूंची किंमत आधीच लेखी नमूद करून विम्याचीही चौकशी करावी. ‘ट्रक आपल्याच माणसाचा आहे’ या भिडेपोटी कित्येकांनी नुकसान गिळले आहे. माल उतरवताना यादीशी एकेक नग ताडून पाहावा आणि मोडतोड दिसल्यास तेथेच लिहून घ्यावी. २००७ च्या रस्ता वाहतूक कायद्यान्वये वाहतूकदारावर दावा लावण्यापूर्वी नुकसानीची लेखी नोटीस, माल नोंदवल्या दिवसापासून १८० दिवसांच्या आत, द्यावी लागते. मे महिन्यात बिऱ्हाड हलवणाऱ्याची ही मुदत दिवाळीच्या आगेमागे संपते. म्हणून खोकी पावसाळाभर न उघडता माळ्यावर ठेवू नयेत, आल्या आठवड्यातच उघडून पाहावीत.