नाव शाहिराचं, गळा बाईचा

सांगली जिल्ह्याने तमाशाला काय दिलं, असं विट्यात कुठल्याही पारावर विचारा. नावं पटापट येतात. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव, वाटेगावचे अण्णाभाऊ साठे, कवलापूरचे काळू-बाळू. लावणीकार झाला, शाहीर झाला, सोंगाड्यांची जोडी झाली. मग विचारा, बाई कोण? म्हातारी माणसं जरा थांबतात आणि म्हणतात, "विठाबाई. फडावर बाळंत झालेली." ती गायची कशी, हे कुणी आपणहून सांगत नाही.

ही गोष्ट विठाबाईपासून सुरू होत नाही. तिच्या आधी पवळा होती. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसाची, दलित घरातली मुलगी. जन्म १८७०चा, मृत्यू १९३९चा. तोवर तमाशात बाईचं काम नाच्या पोऱ्या करायचा. बाई म्हणून बोर्डावर उभी राहून नाव कमावणारी पहिली म्हणून पवळेकडेच बोट दाखवतात. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी म्हणजे पठ्ठे बापूराव तिच्यासाठी लिहीत, ती गात असे. लावणीच्या शेवटच्या कडव्यात शाहिराचं नाव गुंफायची रीत आहे. म्हणजे पवळा रोज रात्री स्वतःच्या आवाजात बापूरावांचं नाव पुकारायची. बापूरावांच्या लावण्या छापून उरल्या. तिच्या गळ्याबद्दल आपण ऐकीवच बोलतो.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. १९२७च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या ब्रिस्टल गावी कार्टर कुटुंबाची गाणी ध्वनिमुद्रित झाली आणि तिथल्या ग्रामीण गाण्याचा पाया घातला गेला. मुख्य आवाज सारा कार्टरचा, गाण्यांवर नाव मात्र नवऱ्याचं, ए. पी. कार्टरचं, त्यातली बरीच गाणी त्याने डोंगरदऱ्यांतून गोळा केलेली होती. पण साराचा आवाज तबकडीवर राहिला, एवढा फरक आहेच. आणि तो लहान नाही.

विठाबाई १९३५ साली पंढरपुरात जन्मली, फडातच वाढली. आजा नारायण खुडे, बाप भाऊ, चुलता बापू. 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' या नावाने त्यांचा तमाशा गाजत होता. पोरवयात ती मामा वरेरकरांच्या कलापथकातही गेली. पुढे स्वतःचा फड उभा केला. १९६२च्या युद्धात जवानांसमोर तमाशा केला. १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींकडून तिला दाद मिळाली. बाळंतपणाची गोष्ट अशी सांगतात: वेणा सुरू झाल्या तशी ती आत गेली, मूल झालं, दगडाने नाळ तोडली, आणि ती पुन्हा लोकांपुढे येऊन उभी राहिली. थरारक आहेच. पण या गोष्टीनं तिच्या गाण्याचं नुकसान केलं असं माझं मत आहे. सोसलेलं सांगणं सोपं असतं, गळ्याबद्दल बोलायला कान लागतो.

तो गळा काय काम करत होता, ते आमच्या घाटमाथ्यावरच्या जत्रेत बसल्यावर कळतं. इथला माणूस दुष्काळामुळे गलाईच्या धंद्याला देशभर पांगलेला. सोनं-चांदी गाळणारी ही मंडळी जत्रेला मात्र गावी परततात आणि वर्गणीत हात आखडता घेत नाहीत. सुपारी दिलेली असते. रात्री गण होतो, मग गौळण, त्यात मौशीची टिंगल, मग लावण्या, आणि पुढे वग, पार पहाटेपर्यंत. पायात किलोकिलोची घुंगरं, समोर ढोलकी आणि हलगी, पाठीमागे झीलकरी शेवटचा सूर उचलून धरायला टपलेले. बाईला नाचायचंय, गायचंय, वगात भूमिकाही करायचीय. जमिनीवरची धूळ घशात जाते ती वेगळीच. एवढ्यावर भागत नाही. सकाळी हजेरी असते. रात्रभर जागलेल्या त्याच गळ्याने, चहाच्या घोटावर, पुन्हा लावण्या. दुपारी कुस्त्यांचं मैदान भरतं तेव्हा फडाचा ट्रक पुढच्या गावाच्या वाटेला लागलेला असतो. बैठकीत गाणारणीला निदान बसायला गादी आणि ऐकायला मोजकी माणसं असतात. वाईच्या यमुनाबाई वाईकरांच्या गाण्याची बारकाईने चर्चा झाली, त्यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली, याचं एक कारण मला हेही वाटतं. फडावरच्या बाईला तेवढी शांतता कुणी दिली नाही.

त्यात विठाबाई फडाची मालकीण. दसऱ्याच्या आधी कलावंतांना उचल द्यायची, त्यासाठी व्याजाने पैसा उभा करायचा, आणि तो जत्रांच्या हंगामात फेडायचा. अवकाळी पाऊस आला की कनात भिजते, गल्ला बुडतो, व्याज तेवढं चालू राहतं. १५ जानेवारी २००२ रोजी ती गेली, तेव्हा दवाखान्याचं बिल देणगीदारांनी भागवलं. २००६पासून सरकार तिच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. साताऱ्यात वाढलेल्या, पुढे फड चालवणाऱ्या कांताबाई सातारकर त्याच्या सुरुवातीच्या मानकऱ्यांतल्या.

तिच्या मुली मंगला बनसोडे आणि संध्या माने याच धंद्यात उभ्या राहिल्या. मंगलाताई कराडजवळच्या करवडीच्या, म्हणजे विट्याहून कराडला जाणाऱ्या माणसाच्या वाटेवरच्या. त्यांच्या फडाच्या नावात मुलगा नितीनकुमारही आहे. लावणीत शाहिराचं नाव, फडावर मालकिणीचं, हा बदल विठाबाईच्या पिढीने केला, आणि तो फुकट झालेला नाही.

उरतो प्रश्न आवाजाचा. ऐंशी-नव्वदच्या दशकांत वगांच्या कॅसेटी जत्रेत सर्रास विकल्या जायच्या, आणि परमुलखात निघालेली गलाईवाली माणसं दुकानात लावायला त्या बांधून नेताना मी पाहिली आहेत. त्यांतल्या कित्येक आज माळ्यावर ट्रंकेत पडून असतील. फितीला बुरशी लागते, ती चिकटते, आणि एकदा तुटली की तेवढा आवाज गेला. गावोगावच्या वाचनालयांनी यंदा दिवाळी अंकांबरोबर या कॅसेटीही मागून घ्याव्यात. ज्यांच्याकडे जुना टेपरेकॉर्डर अजून चालू आहे, त्यांनी तो भंगारात घालू नये.